बेबीवर अडकलेली सुई

कावळा शिवेना. नदीकाठी सगळं गाव तोंड मिटून उभं होतं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता, डोकी तापली होती, आणि कावळे समोरच्या उंबरावर बसून आमच्याकडं असे बघत होते की दहावा जणू आमचाच आहे. शेजारच्या ठकूआत्या गेल्या होत्या. त्यांचा थोरला हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत होता. "आये, म्हशी इकनार न्हाई. धाकटीचं लगीन थाटात करीन. तुजी कपबशी कुनाला देनार न्हाई." कावळे ढिम्म.

तेवढ्यात आमच्या घराच्या अंगानं, मधली शेतं ओलांडून, कर्ण्यातून एका बाप्याचा टाहो आला.

"बेबी!"

आणि मग थांबेचना. "बेबी! बेबी! बेबी! बेबी!"

सगळ्या गावानं वळून माझ्याकडं बघितलं. आमच्या आळीत बेबी एकच. मी. साठी उलटलेली, डोक्यावर पदर, तोंडात मोजके दात.

"बेबे, कोन बोलवतंय गं तुला?" ठकूआत्यांची सून कुजबुजली.

"कुनी का आसंना," मागनं एक म्हातारा म्हणाला, "पर मानूस लई कासावीस झालाय."

दहाव्याला हसायचं नसतं. ठकूआत्यांच्या थोरल्यानं तोंडात टॉवेल धरला. गुरुजी नदीकडं तोंड करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. त्या गडबडीत कावळा कधी उतरला आणि कधी शिवला ते कुणी बघितलंच नाही. बघितलं तेव्हा पिंड फोडून झाला होता. मग सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की आत्यांचा जीव बेबीत अडकला होता.

मी पदर पुढं ओढला. पदर ओढला की बाई लपते असं म्हणणाऱ्यानं माझ्याएवढी रुंद बाई बघितली नसावी.

हा उद्योग आमच्या ह्यांचा. गाव त्यांना आण्णा म्हणतं. मी "अहो" म्हणते, नाहीतर भांडं आपटते, दोन्हीला ते सारखीच ओ देतात. ते मला "ऐकलं का" म्हणतात. आमच्या वेळी नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची रीत नव्हती. लग्नात उखाण्यात घ्यायचं तेवढंच. आमच्या लग्नात ठकूआत्याच दार अडवून उभ्या होत्या. "नाव घ्या, मग आत." मी यमक जुळवून घेतलं आणि मोकळी झाले. ह्यांना घाम फुटला. "म्हशीला पानी दाखवतो," म्हणून जे गेले ते जेवायलाच उगवले. आत्यांनी मरेस्तोवर ते विसरू दिलं नाही. "आन्ना, तुजं नाव घ्याचं ऱ्हायलंय बरं का. ते ऐकल्याबिगर मी जायाची न्हाई."

माझ्या नावाचंही सांगून टाकते. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यातली नर्स बेबी बेबी करत होती. बापाला वाटलं तिनं नावच ठेवलं. तेच कागदावर चढलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण त्याचा अर्थ मास्तरांनीही सांगितला नाही. सांगितला असता तर नातवंडं झाल्यावरही बाळ म्हणवून घेत फिरले नसते.

हे तरुणपणी आमच्या नांद्याहून पुण्याच्या कॅम्पात सायकलवरून दूध घालायचे. तिथं एका इराण्याच्या हॉटेलात रंगीत पेटी होती. नाणं टाकलं की आत तबकडी फिरायची आणि परदेशी माणसं जीव तोडून ओरडायची. कॅन रिकामा होईतोवर हे मागच्या दाराशी उभे राहून ऐकायचे. पुढं ते हॉटेल गेलं, सायकल गेली, दूध डेअरीवर जाऊ लागलं. त्या पेटीचं नाव घरात निघालं नाही. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, आम्ही चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या आणि ह्यांना रिकामा वेळ मिळाला. रिकामा म्हातारा हा मोकाट बैलापेक्षा वाईट. बैल निदान संध्याकाळी दावणीला येतो.

एका रविवारी हे कडबा कापायच्या यंत्राचं पातं आणायला म्हणून जुन्या बाजारात गेले. आले ते एक गाणी वाजवायची पेटी आणि पोतंभर तबकड्या घेऊन.

"पातं कुटंय?" मी विचारलं.

"ह्ये बी फिरतंयच की," हे म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात परदेशी माणसं राहायला आली. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर हे एक रुपया ठेवायचे. देवापुढं चार आणे टाकताना ज्यांचा हात आखडतो, त्यांनी ह्या पेटीला कायमचा रुपया वाहिला होता. इंग्रजीचा गंध नाही, पण मला एकेक गाणं समजावून सांगायचे. एखादी बाई वरच्या पट्टीत सुरू झाली की, "ही बघ, माळ्यावर उभी ऱ्हाऊन पाखरं हाकतीया." एक घोगऱ्या आवाजाचा बाप्या होता. "ह्याची म्हस हरावलीया." आणि धांगडधिंग्याचं काही लागलं की, "बैल उधाळलाय, मालक मागनं पळतोय." मी म्हणायची, शब्द तरी कळतो का एक? "शब्दाचं काय घिऊन बसलीस? गळा बघ, गळा." त्यावर मी भांडायला लागले की माझ्याकडंही मान डोलवत बघायचे. "गळा बघ!"

धारा काढतानाही गाणं पाहिजे. म्हैस रडक्या गाण्याला पान्हा सोडते आणि नाचऱ्या गाण्याला बादली लाथाडते, असं त्यांचं ठाम मत. गाव म्हणायचं, आण्णाची म्हैस इंग्लिश मीडियमची हाय. मी त्यांना वेड्यात काढायची आणि त्याच दुधाचा चहा प्यायची.

सगळ्या तबकड्या मात्र ते ठेवत नसत. बाजारातून आणायच्या, एकदा ऐकायच्या आणि कितीतरी सरळ दोरीला बांधून ज्वारीत टांगायच्या. उन्हात लखलखल्या की पाखरं पळायची. "ह्या नासक्या हायेत," म्हणायचे. मला वाटलं, एवढी अक्कल तरी शिल्लक आहे.

पुढं ह्यांना कमी ऐकू यायला लागलं. दुसऱ्या कुणी कान दाखवले असते. ह्यांनी मंडपवाल्याकडचा जुना कर्णा आणून गोठ्याच्या पत्र्यावर बांधला. स्वतःला ऐकू यावं म्हणून सगळ्या शिवाराला ऐकवायचं. दहाव्याच्या दिवशी म्हैस व्यायला आली होती म्हणून हे घरीच राहिले. गाणं लावून गोठ्यात गेले आणि सुई अडकली. बाकीचं सांगितलंच.

मी नदीवरून तरातरा घरी आले. "काय घातलंत हे गावच्या कानात?"

"रुपाया घसरला," हे म्हणाले.

"ह्या घरात ती पेटी ऱ्हाईल न्हाईतर मी ऱ्हाईन. काय ते ठरवा."

ते विचार करायला लागले. तिथंच माझं डोकं फिरलं. लुगडी पिशवीत कोंबली आणि माहेरी निघाले.

माझं माहेर चांदं. चांद्याची पोरगी नांद्याला नांदायला आली, म्हणजे वेशीच्या अलीकडची पलीकडं पडली. आमच्या गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं भावाच्या गच्चीवरून दिसतं. असल्या माहेरी रुसून गेलेल्या बाईचा दरारा तो काय पडणार? भावजय म्हणाली, "वन्सं, भांडून आलाय का धुनं वाळत घालाया?"

मला शांतता पाहिजे होती. ती मिळाली. पण मिळाल्यावर तिचं करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं. धारांच्या वेळेला मी गच्चीवर जायची. वारा आमच्याकडूनच यायचा, पण कर्ण्याचा आवाज नाही.

"कान कशाला टवकारताय?" भावजय.

"मिरच्या राखतीय."

"मिरच्या कालच खाली नेल्या, वन्सं."

चार-पाच दिवसांनी प्रणिता आली. ही आमची भाडेकरू, लातूरची, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. स्कूटर लावून ती पायरीवरच बसली.

"काकू, आण्णांनी कर्णा उतरवला. पेटी मला देतो म्हणाले. सगळ्या रेकॉर्ड पण. एक सोडून."

"कुटली?"

"ती चरा पडलेली. अडकते ना, ती."

"पेटी न्हाई तर तबकडी काय चाटायची हाय?"

"मी पण हेच विचारलं." प्रणिता हसली. "काकू, ज्वारीत टांगलेल्या रेकॉर्ड नासक्या नाहीयेत. एकदम चांगल्या गाण्यांच्या आहेत. एकेक बघून मला रडू यायचं बाकी होतं. मी आण्णांना म्हटलं, असलं सोनं पाखरांना का दाखवता? तर म्हणाले, त्यात बेबी न्हाई."

मी तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

"मी त्यांना सांगितलं, आण्णा, बेबी म्हणजे काकू नव्हे. तिकडं सगळेच आपापल्या बाईला बेबी म्हणतात. तर म्हणाले, ठावं हाय, इराण्यानं तवाच सांगितलं व्हतं." आणि मग पोरीनं ह्यांचा आवाज काढून ह्यांचंच बोलणं ऐकवलं. "'घरात आई, थोरलं भाऊ. बायकूचं नाव काडलं आसतं तर जिभंला डाग दिला आसता. आन तितं ह्यो बाप्या भर हाटेलात, गल्ल्यावर मालक बसलेला, तरी हाका मारतोय. कुनी त्याला गप ऱ्हा म्हनायचं न्हाई. मी दूध वतायचो सावकाश.'"

म्हणजे लग्न झाल्यापासूनचं हे. कावळ्याला आधी कळलं, मला मागून.

"स्कूटर काढ," मी म्हणाले.

स्कूटरवर मागं बसून मी सासरी आले. एवढ्या जुन्या नवरीला वाजतगाजत कोण आणणार? हे ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले.

"रेडकू झालं," म्हणाले.

"बरं झालं." मी उंबऱ्याशी थांबले. "ठकूआत्या आता न्हाईत. म्हनून मीच अडून बसते. नाव घ्या, मग आत येते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, प्रणिताकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं. ओठ हलले. कपाळावर तोच घाम.

"म्हशीला पानी..."

"म्हशीला पानी मी दाखवीन."

ते वळून आत गेले. मला वाटलं, झालं, आता जेवायलाच येणार. पण आतून खरखर ऐकू आली. कर्णा नसल्यामुळं आवाज एवढासा, घरापुरता. तो बाप्या गायला लागला, जरा पुढं गेला आणि त्या चऱ्याशी येऊन अडकला. बेबी. बेबी. बेबी. बेबी.

प्रणितानं स्कूटर ढकलत ढकलत लांब नेली आणि तिथं जाऊन सुरू केली.

मी आत गेले. हे पेटीसमोर पाठमोरे बसले होते. सुईच्या दांडीवर रुपया नव्हता. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"रुपाया कुटंय?"

"घसरला."

"मूठ उघडा."

"ऐकू येत न्हाई," हे म्हणाले.

मी खाली बसले. सुई काही मी उचलली नाही आणि त्यांनीही नाही. घरात आम्ही चौघंच होतो. हे, म्हैस, तिचं रेडकू आणि मी. मी म्हणजे बेबी.