सासूबाईंच्या ताब्यातले सहा शब्द

संपत्ती कमावणं सोपं असतं. ती मागे ठेवून गावाला जाणं अवघड. पूर्वी लोक दागिने शेजारणीकडे ठेवून जात आणि परतल्यावर शेजारीण ते घालून मिरवताना दिसे. (दागिने निदान दिसत तरी.) क्रिप्टोचलनात ही अडचण नाही. ते कुणालाच दिसत नाही. बारा ठरावीक इंग्रजी शब्द ओळीने ज्याला ठाऊक, पैसा त्याचा.

विमा एजंटसाहेबांनी उभा जन्म लोकांना भीती विकली होती, त्यातली बरीच शिल्लक त्यांच्याकडे उरली होती. बायकोने शिवणकाम करून दुकानाच्या गाळ्यासाठी साठवलेले पैसे त्यांनी क्रिप्टोत घातले. समुद्रावरच्या सहलीहून परतताच गाळ्याची अनामत भरायची होती. तोवर पैसा सांभाळायचा होता.

साहेबांनी प्रश्नाचा मुळापासून विचार केला. शंभरातल्या नव्वद चोऱ्या मालकाने तोंड उघडल्यामुळे होतात (उरलेल्या दहांची चौकशी चालू आहे). तेव्हा मालकालाच काही ठाऊक नसणं उत्तम. त्यांनी फोनमधून सगळं पुसलं. पहिले सहा शब्द बायकोने पाठ केले, पुढचे सहा सासूबाईंनी, आणि साहेबांनी ते प्रयत्नपूर्वक विसरून दाखवले. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या कारकिर्दीत एकही प्रश्नपत्रिका फुटली नव्हती.

"आई, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही," साहेबांनी बजावलं. "मी स्वतः विचारलं तरी नाही. मी पाया पडलो, रडलो, तर समजा, माझ्या पाठीला सुरी लावलीय."

"समजलं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

दोघी एकत्र पळवल्या जाऊ नयेत म्हणून मायलेकींना वेगवेगळ्या डब्यांत बसवलं. किनाऱ्यावर बायको या टोकाला, सासूबाई त्या टोकाला, आणि साहेब मधोमध, समुद्राकडे पाठ करून. अशी शिस्तबद्ध सहल त्या किनाऱ्याने पाहिली नसेल. बायकोला आईसोबत पाण्यात पाय बुडवायचे होते. ते राहिलं.

घरी आल्यावर बायकोने आपले सहा शब्द घडाघडा म्हटले. साहेब सासूबाईंकडे वळले.

"आई, आता सांगा."

सासूबाईंनी त्यांच्या पाठीमागे डोकावून पाहिलं. "कोण आहे?"

"कुणी नाही हो!"

"असंच म्हणायला लावतात."

साहेबांनी कपाटं उघडून दाखवली, पलंगाखाली बॅटरी मारली, शेवटी पाय धरले. सासूबाईंचा चेहरा कळवळला. "किती छळतायत हो तुम्हाला!" म्हणाल्या, आणि ओठ आणखी घट्ट मिटले. लेक रडत आली, तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं आणि दाराला कडी घातली. "तुलाही धरलं का गं मेल्यांनी?"

गाळा एका चपलावाल्याने घेतला. बायको अजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच मशीन चालवते आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलते. क्रिप्टोचा भाव मात्र दुप्पट झाला आहे. पैसा इतका सुरक्षित आहे की त्याला मालकाचाही धोका उरलेला नाही. याला तज्ज्ञ यश म्हणतात.

वाचकहो, तुम्ही साहेबांना हसलात, ते योग्यच. तुमच्या ठेवी, पॉलिसी, लॉकरची किल्ली आणि फोन उघडायचा आकडा घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे, एवढंच एकदा आठवून पाहा. कुणालाच नाही? अभिनंदन. तुम्हाला तर सासूबाईंचीही गरज पडली नाही.