छताआधीचे दिवे

छत नसलेल्या हॉलमध्ये दिवे टांगून दाखवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, तो म्हणजे ताडखेड्याचा चिमाजी तुपे. आता छत नसताना दिवे टांगायला दुसरं कोणी कधी गेलंच नाही, हेही चिमाजीच सांगतो.

त्याचं झालं असं. ताडखेडे नगरपंचायतीनं मंगल कार्यालय बांधायला काढलं. भिंती झाल्या, फरशी झाली, नवरीच्या खोलीत आरसासुद्धा लागला. छत तेवढं राहिलं. छताचे कंत्राटदार हिंदुराव शेठ दुसऱ्या गावच्या छतात गुंतले होते. पण नगरपंचायतीत छताचं टेबल वेगळं आणि दिव्यांचं टेबल वेगळं, आणि दोन्ही टेबलांमध्ये पाण्याचा माठ. दिव्यांच्या टेबलावरून चिमाजीला हुकूम आला, की पाडव्याच्या आत सगळे दिवे, पंखे आणि गाण्याचे दोन कर्णे वर टांगून झाले पाहिजेत.

चिमाजी हुकूम घेऊन टेबलापाशी गेला. म्हणाला, "साहेब, वर आभाळ हाय."

साहेबांनी हुकूम पुन्हा वाचून पाहिला. "आभाळाचा यात कुठं उल्लेख नाही," ते म्हणाले. "वर म्हटलंय. वर टांगा."

यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं? चिमाजीनं सामान उचललं.

सामान म्हणजे फार काही नव्हतं. शेवयीसारखी बारीक पोलादी वायर, वरच्या टोकाला हुक, आणि खालच्या टोकाला बोटभर चाप. वायर चापात घातली की सुटत नाही, आणि चापाची पिन दाबली की दिवा हवा तेवढा खालीवर सरकतो. शिडी धरायला नात होती, कावेरी. कावेरी तालुक्याच्या बँकेत कामाला, लग्न ठरलेली. पण आबांची शिडी धरायचं काम तिनं दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. शिडी धरणाऱ्याच्या डोक्यात वरून भुसा पाडायची चिमाजीला जुनी खोड, आणि ते सोसून शिडी हलवून परतफेड करणारी घरात ती एकटीच.

"आबा, वरचं टोक कुठं लावताय?"

"छत जिथं येणार तिथं."

"आत्ता काय आहे तिथं?"

"आत्ता जागा हाय. जागा पक्की हाय. कोण हलवतंय तिला?"

त्यानं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणली, सुतळीच्या रेषेत एकेक हुक नेऊन ठेवलं आणि हात काढून घेतला. वायर ताठ राहिली. ताठ न राहायला तिला काही कारणही नव्हतं. वर हुक होतं, खाली वजन होतं. वायरीला आणखी काय लागतं? दुपारपर्यंत दिवे झाले, मग पंखे, मग कर्णे. एक कावळा येऊन हुकावर बसला, इकडंतिकडं बघून उडून गेला. त्याचीही काही तक्रार दिसली नाही. दिव्यांच्या टेबलानं काम पास केलं.

मग उन्हाळा लागता लागता हिंदुराव शेठ उगवले. त्यांनी वर पाहिलं, एका दिव्याला लोंबकळून पाहिलं, दिवा हलला नाही. शेठ म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपलं पाणी तापवून घेणारा माणूस. "एवढी पक्की सोय हाय तर मी खांबात सिमेंट कशाला घालवू?" म्हणाले, आणि छताचे पत्रे वरून आणून त्या हुकांवर ठेवून दिले. भिंतींना पत्रा कुठं टेकला नाही. वीतभर फट राहिली. "हवा खेळायला," असं शेठनी सांगितलं आणि ते तिसऱ्या गावच्या छताकडं निघून गेले. अशा रीतीनं ताडखेड्याच्या मंगल कार्यालयाचं छत दिव्यांवर आलं.

चिमाजीची मान त्या दिवसापासून जी वर झाली ती खाली येईना. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, "बाकीचे लोक छताला दिवे टांगत्यात. आपण दिव्यांना छत टांगलंय." ऐकणारा म्हणायचा, "शेठनी टांगलंय." "पण कशाला?" असं चिमाजी विचारायचा, आणि चहा त्याच्याच खात्यावर यायचा.

कार्यालयातलं पहिलं लग्न कावेरीचं ठरलं. व्याही विठोजीराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना लग्न आपल्या गावच्या हॉलमध्ये हवं होतं. चिमाजीनं ऐकलं नाही. तिथल्या ट्यूब भिंतीला पाल चिकटावी तशा चिकटवल्यात, असं तो पाहून आला होता. "माझ्या नातीच्या डोक्यावर अक्षता पडणार त्या माझ्या दिव्यांखाली," त्यानं सांगितलं. पत्रिका छापल्या, वाटल्या, देवापुढं ठेवायची ठेवली. आणि मग कार्यालय वापरायचा दाखला द्यायला कनिष्ठ अभियंता नांगरे मॅडम आल्या.

मॅडम तरुण होत्या, पण पेन हातात धरला की त्यांचं वय वाढायचं. हिंदुराव शेठनाही बोलावून घेतलं होतं. मॅडमनी वर पाहिलं, भिंतीवरच्या फटीतून पलीकडचं चिंचेचं झाड पाहिलं.

"छत कशावर आहे?"

"दिव्यांवर," शेठ म्हणाले.

"आणि दिवे?"

"छताला टांगलेत की."

मॅडमनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. "छत दिव्यांवर, दिवे छतावर. दोघांपैकी एकानं तरी कशावर तरी असायला पाहिजे."

"नवराबायकोचं असंच असतंय मॅडम," चिमाजी म्हणाला. "कुणाच्या आधारानं कोण हाय, विचारायचं नसतं."

"माझं लग्न झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे उदाहरण मला चालणार नाही. दिवे खाली घ्या."

चिमाजीनं शिडी लावली. चापाची एकेक पिन दाबत त्यानं सगळे दिवे हातभर खाली घेतले. शेवटचा दिवा खाली आला तसं छतही हातभर खाली आलं आणि वीतभर फट गेली. पत्रे भिंतीच्या आत नीट बसले. मग त्यानं दिवे वर घेतले. छत वर गेलं. मॅडमनी ते दोनदा करायला लावलं. एकदा खात्री म्हणून, आणि एकदा, चिमाजी सांगतो, गंमत म्हणून; पण तशी नोंद कुठं नाही.

"छत दिव्यांवर आहे, हे सिद्ध झालं," मॅडम म्हणाल्या. "दिवे छताच्या आधी लागले, हेही कागदावर आहे. आता राहिलं एवढंच, की दिव्यांचा भार कोणावर. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. रकाना रिकामा तर दाखला नाही, दाखला नाही तर इथं लग्न नाही."

"आभाळ लिहून टाका," शेठ म्हणाले.

"आभाळ नगरपंचायतीच्या हद्दीत येत नाही."

शेठ घड्याळ बघू लागले. चिमाजीच्या डोळ्यांपुढं विठोजीरावांच्या गावच्या ट्यूब आल्या. पत्रिका गावोगाव पोचल्या होत्या. त्यावर जागा म्हणून हेच कार्यालय होतं. त्यानं छाती पुढं काढली.

"माझं नाव लिहा."

"भार तुमच्यावर?"

"अख्खं घर माझ्यावर हाय मॅडम. त्यात आणखी चार पंखे."

मॅडमनी नाव लिहिलं, सही घेतली. सहीचा शेवटचा फराटा ओढला आणि चिमाजीच्या खांद्यांवर कुणी ओला टॉवेल टाकावा तसं झालं. फार नाही, पण आहे हे कळेल एवढं.

"एक पाऊल डावीकडं या," मॅडम म्हणाल्या.

चिमाजी एक पाऊल डावीकडं गेला. दिवे, पंखे, कर्णे आणि वरचं सगळं छत एक पाऊल डावीकडं गेलं. उजव्या भिंतीच्या कडेनं फरशीवर उन्हाचा लांबच लांब पट्टा पडला.

"परत या."

तो परत आला. पट्टा मिटला. मॅडमनी शेरा लिहिला: 'हलतो.'

"समारंभापुरता दाखला देते," त्या म्हणाल्या. "दार उघडल्यापासून हॉल रिकामा होईपर्यंत भार तुमच्यावर. तोवर तुम्ही जागा सोडायची नाही."

"सोडत न्हाई."

"हळद."

"बसून लावून घेतो."

"अक्षता, जेवणं."

"बसूनच जेवतात की माणसं."

"पाठवणी."

ताडखेड्यात नवरीला घरातला थोरला माणूस हात धरून गाडीपर्यंत नेतो, तिला आत बसवतो, आपल्या हातानं गाडीचं दार लावतो, आणि मगच गाडी हलते. तुप्यांच्या घरात थोरला तो. कावेरीच्या पाठवणीला कोणता फेटा बांधायचा हे त्यानं साखरपुड्याआधीच ठरवून ठेवलं होतं.

"पाठवणी बी," तो म्हणाला. मग लगेच आवाज चढवला, "तसंही मला ती रडारड आवडतच न्हाई!"

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मधोमध खुर्ची मांडली, तिच्याभोवती खडूनं गोल काढला आणि फेटा बांधून चिमाजी त्यात बसला. खरं सांगायचं तर सकाळ त्याची मजेत गेली. कोणी काम सांगेना, सगळे येऊन पाया पडून जात. विठोजीराव भेटीला आले तेव्हा मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं.

"चिमाजीराव, व्याह्यांची भेट उभ्यानं होत असते."

"मी उठलो तर छत उठंल. तुमच्या डोक्यावर ऊन यायचं."

"खुर्चीत बसून छत पेलतोय म्हणे," विठोजीराव पाहुण्यांकडं बघून हसले. "जरा सरका बघू."

चिमाजीनं खुर्ची किंचित सरकवली. किती सरकवायची ते त्याला बरोबर कळत होतं. छत सरकलं, आणि उन्हाचा एक तुकडा येऊन नेमका विठोजीरावांच्या टकलावर बसला. दुसऱ्या कोणावर नाही. विठोजीरावांनी वर पाहिलं, रुमाल काढला, डोकं पुसलं आणि तिथून पुढं दिवसभर ते खडूच्या गोलापाशी उभे राहून एसटीतल्या आवाजात ओरडत होते, "धक्का मारू नका! पुढं सरका! आत जागा आहे, पुढं सरका!"

अक्षता पडल्या. जेवणं झाली. चिमाजी जिलबीच्या ताटाकडं वाकला तेव्हा कडेचा पंखा खाली येऊन फोटोवाल्याची टोपी घेऊन गेला, तेवढंच. नांगरे मॅडम आहेराचं पाकीट घेऊन आल्या होत्या. त्या पहिल्या ओळीत बसून एका डोळ्यानं लग्न बघत होत्या आणि दुसऱ्या डोळ्यानं खडूचा गोल.

दुपार झाली आणि फुलं लावलेली गाडी दाराशी आली. हॉल काही रिकामा झालेला नव्हता. विठोजीरावांकडच्या म्हाताऱ्या पंख्याखाली पान लावत बसल्या होत्या आणि त्यांना कसली घाई नव्हती. कावेरी एकेकाच्या पाया पडत, एकेकीच्या गळ्यात पडत दारापर्यंत गेली, दारात थांबली, आणि वळून सगळा हॉल ओलांडून परत खडूच्या गोलापाशी आली. सनई लावणाऱ्यानं सनई बंद केली.

"चला आबा. गाडी लागलीय."

"तू हो पुढं. दार लावायचं तुझ्या बापाला सांगितलंय मी."

"बाबांनी लावलेलं दार वाटेत उघडतं. तुम्ही चला."

"खुळी हायेस का?" चिमाजी म्हणाला. "मी उठलो तर ह्या म्हाताऱ्या उन्हात येतील. मॅडम तिथं बसल्यात, बघ. सही केलीय मी. ह्या गावात आजवर मी टांगलेलं काय बी खाली आलं न्हाई, आणि आज तुझ्या लग्नात येऊ देऊ?"

"उठा म्हणतेय."

"कावेरे, जा. शुभ वेळ टळंल." त्यानं फेट्याचा शेमला डोळ्याला लावला. "पंख्याचा वारा लागतोय डोळ्याला. चांगला पंखा हाय, मीच टांगलाय."

कावेरीनं वर पाहिलं. भर दुपारी सगळे दिवे लागलेले होते, वर पत्रे होते, आणि मधल्या वायरी एवढ्या बारीक की दिसतही नव्हत्या. मग तिनं नांगरे मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी पर्स उघडून दाखला काढला, खालच्या 'हलतो' या शेऱ्यापर्यंत वाचला आणि परत घडी करून ठेवला.

कावेरीनं शालूचा पदर कमरेला खोचला आणि आबांचा हात दंडाला धरला.

"मग छत घेऊन या की!"