पोशेऱ्याची तिप्पट वाढ

हेमराजला फक्त एक किलो भात जास्त हवं होतं. एकच किलो. त्यावर त्याची बदली अडली होती.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. हेमराज मोखाड्याकडच्या पोशेऱ्यात कृषी सहायक. बायको आणि दहा महिन्यांची लेक मात्र शहापूरला. महिन्या-दीड महिन्याने घरी गेला की लेक त्याला बघून भोकाड पसरायची, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागायचं. शेवटी तालुक्याचे साहेब म्हणाले, "उत्पादकतेत वाढ दाखवा, मग बदलीचं बघू." मागच्या साली पीक कापणीच्या प्रयोगात, दहा मीटर बाय पाच मीटरच्या तुकड्यात, नऊ किलो भात निघालं होतं. यंदा दहा निघालं की काम फत्ते.

प्रयोगाच्या शेतासाठी चिठ्ठी टाकली, त्यात शेत निघालं पाड्यावरच्या सावळाचं. हेमराजने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, तेवढंच भात कापून खळ्यावर झोडून घेतलं. इथवर सगळं अगदी नियमाने झालं. घोटाळा झाला तो जेवणात. सावळाच्या बायकोने, राहीने, नागलीची भाकर आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं.

"पोटभर खा सायेब. भात काय पळून जात नाय."

हेमराज जेवून ओसरीवर जरा टेकला, तो घोरायलाच लागला. वजनाआधी झोपू नये असा नियम सरकारने केलेला नाही. करायला हवा होता.

उठून पाहतो तर साक्षीला सरपंच हजर. भात काट्याला लावलं. सत्तावीस किलो!

काटा झटकून त्याने पुन्हा वजन केलं. पुन्हा सत्तावीस.

"सावळादादा, एवढं कसं?"

"कसं म्हंजे? पिकलं," सावळा शांतपणे म्हणाला.

सरपंचांनी सही ठोकली. हेमराजच्या मनात पाल चुकचुकली खरी, पण लेकीचं भोकाड आठवलं आणि त्याने कागद वर धाडून दिला. जाता जाता जव्हारच्या निजामभाईंना सामानासाठी पत्र्याची पेटीही करायला सांगितली.

महिन्याभरात पत्र आलं. पोशेऱ्याची उत्पादकता तिप्पट झाली आहे, असा कर्तबगार सहायक तिथून हलवणे योग्य नाही. अर्ज नामंजूर.

हेमराज तडक सावळाकडे गेला. "खरं सांगा, राशीत काय घातलंत?"

"आमी कशाला घालू? पाड्यानं घातलं," राही म्हणाली. "दुसऱ्याच्या खळ्यावर रास बघाया रिकाम्या हातानं जात नाय आमच्यात. आपल्या घरचं किलोभर भात सुपात नेऊन वर टाकायचं. सायेब आल्यात म्हणून अठराच्या अठरा घरं आली."

"मग मला उठवायचं नाही का?"

"इतकं गोड झोपलेलं माणूस कोण उठवील?"

पुढच्या हंगामात साहेबांनी मुद्दाम सावळाच्याच शेतात प्रयोग लावला. या खेपेला हेमराज जेवला नाही. पाणीसुद्धा राशीजवळ उभ्याउभ्या प्यायला. सूप घेऊन येणाऱ्या एकेका बाईला हात जोडून त्याने परत धाडलं. पाडा त्याच्यावर रुसला, पण वजन चोख झालं. साडेनऊ किलो. दोन वर्षांत अर्ध्या किलोची वाढ, पण अगदी खरी.

वरून पुन्हा पत्र आलं. उत्पादकता एका वर्षात इतकी घसरते कशी? कारणे शोधून अहवाल देईपर्यंत सहायकाने पोशेरा सोडू नये.

पत्र हातात घेऊन हेमराज सावळाच्या ओसरीवर मटकन बसला. लेक आता घरभर धावायला लागली होती. रडतही नव्हती. त्याला 'काका' म्हणत होती. निजामभाईंची पेटी खोलीत कोपऱ्यात रिकामी पडून होती. हे सगळं त्याने सावळाला सांगितलं, अगदी त्या पहिल्या एक किलोपासून.

सावळाने तंबाखू मळत सगळं नीट ऐकून घेतलं.

"एकच किलो पायजे होता?" तो हळहळत म्हणाला. "मंग तवाच सांगायचं ना, सायेब. एकच घर बोलावलं असतं."