न बिघडणाऱ्या यंत्राची देखभाल

जी वस्तू बिघडत नाही ती सरकारदरबारी अस्तित्वातच नसते, हे प्रशासनाचं पहिलं तत्त्व आहे. (दुसरं कोणाला आठवत नाही, बहुधा ते सुरळीत चालू असावं.)

ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या आमच्या जैतून (म्हणजे ऑलिव्ह) बाजार कार्यालयात हे तत्त्व कसोशीने पाळलं जातं. कार्यालयाचे सर्व्हर दोन. निर्यात विभागातला महागड्या परवान्याच्या प्रणालीचा; तो तंत्रज्ञ लमीनच्या ताब्यात. दुसरा अडगळीच्या खोलीत, तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे. तो सांभाळणाऱ्या नजीहाबाईंनी त्यावर युनिक्सच्या गोतावळ्यातली, फुकट मिळणारी एक प्रणाली चढवली होती. शेतकऱ्यांना रोजचे भाव दाखवणारी वेबसाइट आणि सगळ्या कार्यालयाची ईमेल त्यावर चालायची. चालायची म्हणजे चालायचीच.

लमीनचा सर्व्हर मात्र कर्तबगार. तो दर आठवड्याला कोसळायचा. मग ट्युनिसहून इंजिनिअर येत, त्यांच्यासाठी भाजलेला मासा आणि हरीसाची तिखट चटणी मागवली जाई, लमीन बाह्या सरसावून घाम पुशीत फिरे, आणि यंत्र सुरू झालं की टाळ्या पडत. असा राबणारा माणूस विरळा. त्याला बढती मिळाली, हे न्यायाचंच झालं.

वार्षिक आढाव्याला संचालक सी मुन्जींनी (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्रीयुत’) नजीहाबाईंना बोलावलं.

"मादाम, वर्षभरात तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही?"

"नाही, सी मुन्जी."

"मग तुम्ही दिवसभर करता काय?"

"तक्रार येऊ देत नाही."

"अहो, पण ते दिसतं कुठे?"

"दिसलं असतं तर तक्रार आली असती."

सी मुन्जी विचारी गृहस्थ. त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "त्यातून ती प्रणाली फुकटची. फुकट मिळालेल्या मांजरासाठी कोणी पगारी नोकर ठेवतं का?"

बाईंची तातावीनला, पार वाळवंटाच्या तोंडाशी, बदली करायचं ठरलं. घरी अंथरुणाला खिळलेली आई. बाई जिन्यात बसून रडल्या, तेव्हा लमीन शेजारी येऊन बसला. माणूस मनाचा चांगला.

"ताई, तू इतकी शिकलेली, आणि एवढं कळेना? अधूनमधून बंद पाड की!"

सोमवारी, भाव जाहीर व्हायच्या ऐन वेळी, वेबसाइट बंद पडली. फोन खणखणू लागले. सी मुन्जी आयुष्यात पहिल्यांदा अडगळीच्या खोलीत शिरले आणि डब्याला अडखळले. बाई कपाळाला आठ्या घालून कळफलक बडवत होत्या. (त्या फक्त फायलींची नावं पुन्हापुन्हा मागवत होत्या.) वेबसाइट सुरू झाली तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने कॉफी आणली. बदली रद्द.

मग दर सोमवारी हेच. पुढेपुढे बाईंनी ते कामही यंत्रावरच सोपवलं: ठरल्या वेळी स्वतःच बंद हो, ठरल्या वेळी सुरू हो. (बंद पडण्यातही ती प्रणाली एकदाही चुकली नाही.) बाईंना पंखा मिळाला, नवी खुर्ची मिळाली, आणि सी मुन्जी त्यांना सभेत "आमची वाघीण" म्हणू लागले.

एका सोमवारी खमैसकाकांचा फोन आला. काका म्हातारे शेतकरी, जैतुनाची चार झाडं राखून होते.

"पोरी, भाव दिसेना बघ. दलाल म्हणाला, आज बाजार पडलाय. माल देऊन मोकळा झालो. मागून कळलं, चढला होता."

बाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. काका बोलतच होते.

"पण तू सुरू केलंस हो! एवढा कोण कोणासाठी राबतो? देव तुला उदंड आयुष्य देवो."

बाईंनी फोन ठेवला. साहेबांची कॉफी तशीच गार झाली. घरी जाण्याआधी त्यांनी यंत्राला दिलेला तो हुकूम पुसून टाकला.

त्यानंतर एकही तक्रार आली नाही. पुढच्या आढाव्यात बदलीचा कागद निघाला, आणि बाई आईला गादीसकट भाड्याच्या व्हॅनमध्ये घालून तातावीनला गेल्या. आम्ही सगळे निरोप द्यायला फाटकापर्यंत जाणार होतो. पण नेमका तेव्हाच लमीनचा सर्व्हर कोसळला, आणि आम्ही बघायला तिकडे धावलो.

आम्हाला नावं खुशाल ठेवा. पण खरं सांगा, तुम्ही तरी इथवर कशासाठी वाचलंत? बाई गेल्यावर ते फुकटचं यंत्र कधी कोसळतं, हे बघायलाच ना?

ते अजून चालू आहे. तेव्हा पुढे सांगण्यासारखं काही नाही.