आईच्या हातचे कोफ्ते

बायकोच्या स्वयंपाकाला मी कधी नावं ठेवत नाही. (फक्त तुलना करतो.) पंधरा वर्षांत मायाने जेव्हा जेव्हा खिम्याचे कोफ्ते केले, तेव्हा तेव्हा पहिला घास घेऊन मी एकच वाक्य बोललो, "छान आहेत, पण आईच्या हातची गोष्टच वेगळी." गेल्या महिन्यात हेच बोललो, तर मायाने माझ्यासमोरची वाटी शांतपणे उचलून नेली.

"रविवारी आई नागपूरहून येऊन राहिल्या. तुमीच करा कोफ्ते. जमले तर मी जन्मात कोफ्त्याले हात लावत नाही. नाही जमले, तर आईच्या कोफ्त्यांचं नाव या घरात काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर!" वीस वर्षं सरकारी फाइली सांभाळलेल्या माणसाला चार गोळे वळणं काय जड?

रविवारी सकाळी अर्धा किलो खिमा आणला. आई मटण तीन पाण्यांनी धुवायची, हे मला पक्कं आठवत होतं. मी खिमा पाच पाण्यांनी धुतला. (आईच्या पुढे दोन पावलं.) खिमा ते सगळं पाणी पिऊन बसला. गोळा वळायला गेलो की बोटांतून खाली ओघळे.

"माया, यात काय घालू?"

"मले काहून विचारता? आईले विचारा."

आई गाडीत बसलेली, फोन लागेना. मग मी बेसन घातलं. नंतर पोहे. तरीही ओलं वाटलं, म्हणून चिल्यासाठी, म्हणजे धिरड्यांसाठी, ठेवलेलं तांदळाचं पीठ डबाभर ओतलं. अर्ध्या किलोचा खिमा परातीत मावेना. आठवीतली दीक्षा डोकावली.

"पापा, खाना बना रहे हो या छत ढाल रहे हो?"

(छत ढालणं म्हणजे स्लॅब टाकणं. पोट्टीला मराठी सगळं समजतं. अपमान मात्र हिंदीत करते.)

एकूण त्रेपन्न कोफ्ते झाले. उकळत्या रश्शात सोडले, तर एकही फुटला नाही! मी इतका खूश झालो की चाखून बघायचंही राहिलं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, काही खास केलं की शेजारी वाटी जाते, आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नाही. मी पाच कोफ्ते भरून दीक्षाला हिरालाल भैयांकडे पिटाळलं.

दुपारी आई आली, हातपाय धुऊन पानावर बसली. चमच्याने कोफ्ता तोडायला गेली, तर तो उडून दीक्षाच्या ताटात पडला. दुसरा आईने हातात धरूनच खाल्ला. बराच वेळ खाल्ला. मी विचारलं, "तुझ्यासारखे जमले ना?"

"माझ्यासारखे? मी कधी केले रे कोफ्ते?"

"म्हणजे? लहानपणी आपण खायचो ते?"

"ते बाजूच्या क्वार्टरातल्या सुशीलाबाई वाटीतून पाठवत. मले तं अजून येत नाही. तुझं लग्न झाल्यावर त्यायनंच मायाले शिकवले. पंधरा वर्षांपासून तेच तर खाऊन राहिला तू!"

मला खरोखर लाज वाटली. माया हसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आईला भात वाढत म्हणाली, "आता म्हणा, सुशीलाबाईच्या हातची गोष्टच वेगळी."

मी मान खाली घालून स्वतःचा कोफ्ता चावायचा प्रयत्न करू लागलो. तेवढ्यात दार वाजलं. हिरालाल भैयांनी वाटी परत पाठवली होती, आणि रीतीप्रमाणे रिकामी नव्हती. मला जरा धीर आला. निदान शेजाऱ्यांनी तरी कदर केली म्हणायची!

झाकण काढलं. रस्सा संपला होता. कोफ्ते पाचच्या पाच होते.