बिनगादीच्या दुकानातला बस्ता

साहेब, चूक तुमची आहे! तुम्ही कोण, कुठे असता, तुमचं नाव काय, हे तुमच्या दुकानातल्या एकालाही सांगता आलं नाही. ज्याला विचारावं तो वर छताकडे बोट करून म्हणतो, "मॅनेजमेंट." जळगावात एवढं काचेचं दुकान उघडायचं, त्यात बायकांची फॅशन, साड्या, चादरी, पडदे, टॉवेल गच्च भरायचे, आणि गिऱ्हाइकाला टेकायला वीतभर जागा ठेवायची नाही! ही अक्कल ज्या कोणाची असेल त्याने हे शेवटपर्यंत वाचावं. तुमच्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं आहे.

बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

पहूरला माझं किराणा दुकान आहे. मुलगी एकच, हेमांगी. तिचं धुळ्याकडच्या स्वप्नीलशी ठरलं. मुलगा चांगला, त्याचे आईवडील तर इतके गरीब स्वभावाचे की चहात साखर नसली तरी "गोड झाला" म्हणतील. पण त्या घरात हुकूम चालतो तो स्वप्नीलच्या आजीचा. ताईबाई त्यांचं नाव. आम्ही अक्का म्हणतो. बोलणं सगळं अहिराणीत. अक्कांनी मान हलवली तर लग्न, नाही हलवली तर ज्याने त्याने आपापल्या घरी जावं!

बस्ता कुठे बांधायचा यावरून आमच्याकडे आधी भांडण झालं.

"सुगनचंदशेठकडे जाऊ," आमचे हे म्हणाले. "तुझामाझा बस्ता तिथलाच."

"म्हणून तर नको!" मी म्हटलं. "त्या गादीवर मांडी घालून बसायचं, शेठने साड्या फेकत राहायचं, आणि पाय सुन्न झाले की जी समोर असेल ती घेऊन उठायचं. नव्या दुकानात वसंत महोत्सव लागलाय. गारेगार एसी, भाव ठरलेला, नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या टॉवेलपर्यंत सगळं एका छपराखाली! असा बस्ता करते की धुळ्यापर्यंत नाव निघेल!"

नाव निघालं. धुळ्याच्याही पुढे निघालं.

ठरल्या दिवशी धुळ्याहून जीप भरून व्याही मंडळी आली. अक्का पुढे. हातात कापडाचं गाठोडं, जसं काही त्यात देव बसवलेत. काचेचं दार आपोआप उघडलं तशा त्या थांबल्या, पायातल्या चपला काढल्या आणि आत गेल्या. त्यांनी काढल्या म्हणून त्यांच्या सुनेने काढल्या. सुनेने काढल्या म्हणून सगळ्यांनी. मग मी एकटी चपला घालून आत जाऊ? व्याह्यांदेखत? मीही काढल्या! दारात चपलांचा असा ढीग झाला की ते आपोआप मिटणारं दार मिटेना. उघडायचं, मिटायला जायचं, चपलेवर आपटायचं, पुन्हा उघडायचं. बिचारं दार दम लागल्यासारखं करायला लागलं.

"मावशी, चपला घालून यायचं असतं," वॉचमन म्हणाला.

"देवना घरमा आनी कापडना दुकानमा चपला?" अक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले माय नई शे का?"

वॉचमन बाजूला झाला. फरशी मात्र बर्फासारखी! आम्ही सगळे तापल्या तव्यावर चालल्यासारखे एकेक पाय उचलत आत गेलो.

आत गेल्यावर अक्का दुसऱ्यांदा थांबल्या. दर्शनी काचेत बायकांचे पुतळे उभे होते. वसंताचे फुलाफुलांचे झगे घातलेले, आणि डोक्याला केस नाहीत!

"ह्या पोरी टकल्या कसाले शेत?"

"अक्का, ती फॅशन आहे," हेमांगी म्हणाली.

"मायवं!" अक्कांनी स्वतःच्या अंबाड्याला हात लावून पाहिला. "आनी गादी कोठे शे? शेठ कोठे शे? बठ्ठा उभाच शेत आठे!"

खरंच, सगळे उभेच! मी चहूकडे पाहिलं. हँगर, कपाटं, आरसे, टकल्या पोरी. एक खुर्ची नाही. शेठ नाही. "या, बसा, काय दाखवू" म्हणणारं कोणी नाही. आणि साहेब, गादीशिवाय बस्ता होतो का? गादीवर दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, पसंत पडलेला माल मधोमध रचतात, उठेपर्यंत त्याला कोणी शिवत नाही. हे जळगावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुम्हाला नाही?

"माले घर लई चाला," अक्का म्हणाल्या.

मी घाईघाईने म्हटलं, "वर आहे गादी! वर!" मला काय माहीत वर काय आहे? पण आजचं मरण वरच्या मजल्यावर ढकलावं, एवढंच सुचलं.

वर जायला सरकता जिना. अक्का त्याच्यापाशी गेल्या आणि पहिल्याच पायरीवर चक्क खाली बसल्या. "आठे शे बसाले जागा!" म्हणाल्या. गाठोडं मांडीवर घेऊन, लोकांकडे बघत, पालखीत बसल्यासारख्या वर चालल्या! वर त्यांना दोघांनी बखोटीला धरून उचललं नसतं तर जिन्याने त्यांना गिळलंच असतं.

पण वर खरंच गादी होती! चादरींच्या भागात एक भलामोठा पलंग मांडलेला, जाड गादी, त्यावर पांढरीशुभ्र चादर, बाजूला लोड. अक्कांचा चेहरा उजळला. त्या मांडी घालून बसल्या. विहीण बसली, मी बसले, हेमांगी बसली. पलंग कुरकुरला. त्याचं त्याने बघावं.

"चहा सांगा," अक्का म्हणाल्या.

चहा कोणाला सांगायचा? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बिचारे अनवाणी, चहा आणायला बाहेर रस्त्यावर गेले.

मग अक्कांनी गाठोडं सोडलं. आत त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं! विटलेलं, एका कोपऱ्यात रफू केलेलं, पण काठ अजून लखलखीत. त्यांच्या घरची रीत अशी की घरात येणाऱ्या नवरीला हे लुगडं मिळतं, आणि बस्त्यात सगळ्यात खाली तेच अंथरायचं. अक्कांनी ते पलंगावर पसरलं, हळदकुंकू वाहिलं, वर नारळ ठेवला.

"नवरीनं लुगडं. हाई दिधं म्हंजे लगीन पक्कं," त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. त्यानंतर डोळे भरून यायला दुसरंच कारण घडलं.

आम्ही साड्या, चादरी, टॉवेल आणून आणून त्या लुगड्यावर रचले. डोंगर झाला. मग शालू बघायला सगळे त्या टोकाला गेलो. माल पलंगावर तसाच. गादीवरचा माल कोण नेणार?

परत येऊन बघतो तर पलंग दिसेना! नुसत्या बायकांच्या पाठी!

"अहो, काय चाललंय?"

"मुहूर्ताचा सेल आहे ताई!" एक वरणगावची बाई ओरडली. "नारळ फोडायचाय अजून! लवकर उचला!"

हळदकुंकू, नारळ आणि कपड्यांचा ढीग बघून लोकांनी काय समजायचं ते समजलं होतं! मी तिच्या हातातली डबलची चादर धरली.

"ही माझ्या मुलीच्या बस्त्यातली आहे!"

"मग मला काय मुलगी नाही? मी आधी धरली!"

ती तिकडे, मी इकडे. मधे चादर अशी ताणली गेली की तिच्यावर क्रिकेट खेळता आलं असतं. माझी विहीण, जी कधी कोणाला "अरे" म्हणत नाही, ती एका कॉलेजच्या पोरीच्या पाठीवर बसून टॉवेल सोडवत होती! नारळ पलंगावरून घरंगळला, सरकत्या जिन्यावर गेला, वर येणाऱ्या पायरीवरून खाली उड्या मारत सुटला. खाली वॉचमनने झेलला. तेवढा एक माणूस दिवसभरात कामाला आला!

मग दुकानातली पोरं धावत आली, माल गोळा केला, ढकलगाड्यांवर घालून कुठेकुठे नेला. पलंगावर नवीन चादर घातली. सगळं कसं चकाचक.

आणि अक्का म्हणाल्या, "मन्हं लुगडं?"

लुगडं नव्हतं.

मी पलंगाखाली शिरले. नाही. गाड्या उपसल्या. नाही. कपडे घालून बघायच्या खोल्यांची दारं ठोठावली, आतल्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या. नाही! पलक नावाची तिथली मुलगी भली होती, तिने माईकवर सांगितलं, "एक जुनं हिरवं लुगडं कोणाला सापडल्यास चादरींच्या विभागात आणून द्यावं." लोकांनी एक पायमोजा आणि एक लहान मूल आणून दिलं. मूल आमचं नव्हतं.

अक्का पलंगावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी रिकाम्या गाठोड्याची घडी घातली, आणखी घडी घातली, हातरुमालाएवढी केली आणि कनवटीला खोचली.

"इहीनबाई, नवरीनं लुगडंच गयं," त्या म्हणाल्या. "आते लगीन कसानं?"

हेमांगी पांढरीफटक. स्वप्नीलचे वडील फरशीकडे बघू लागले. माझ्या पायांखालून ती बर्फाची फरशीसुद्धा सरकली! माझी हौस, माझा एसी, माझं एक छप्पर!

तेवढ्यात जिन्यावरून धडधडत आमचे हे आले. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चवड, चेहरा भूत बघितल्यासारखा.

"अगं, लुगडं... लुगडं... टकलीने घातलंय!"

सगळे खाली पळालो. अक्का जिन्यावर बसून आल्या. बाहेर रस्त्यावर गर्दी जमलेली. आणि काचेत, त्या फुलाफुलांच्या झग्यांच्या मधोमध, अक्कांचं लग्नातलं लुगडं नेसून एक टकली बाई उभी! नेसवलेलंही कसं? अर्धं कमरेला, अर्धं खांद्यावरून मागे सोडलेलं, एक पाय मांडीपर्यंत उघडा, आणि खाली पाटी: 'वसंत खास'!

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "मन्हं लगीननं लुगडं! भर रस्तावर! उघडा पाय!"

मी मॅनेजरला हाक मारली. जिनेश त्याचं नाव, पोरसवदा, पायांना दिवसभर उभं राहून सूज आलेली. निघाला सुगनचंदशेठचाच नातू! आजोबांच्या गादीवर लोळून मोठा झालेला, आता तुमच्याकडे पगारावर उभा.

"काढा ते लुगडं! आमचं आहे!"

त्याने काठाला चिकटवलेला स्टिकर यंत्राखाली धरला. टुंग वाजलं. "काकू, हे आमच्या नव्या मालात दाखवतंय. यंदा जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या साड्या आल्यात ना, त्यातलं."

"स्टिकर कोणी लावला?"

"बिनस्टिकरचा माल दिसला की जवळच्या मालाचा स्टिकर लावायचा, असा नियम आहे. मॅनेजमेंटचा."

"हे रफू बघ! अक्कांनी माझ्यादेखत सांगितलंय, त्यांच्या सासूने केलेलं!"

"रफू डिझाईनमध्ये असतं, काकू."

"आणि हा हळदीचा डाग? आत्ताचा आहे, ओला!"

"डागपण डिझाईनमध्ये असतो." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मला कळतंय हो, बस्त्याचं आहे. पण यंत्रातून बाहेर काढायचा एकच रस्ता आहे. बिल."

तेवढ्यात मागून दोन पोरी आल्या. "सर, काचेतली ती ग्रीन पीस लास्ट आहे का? आम्हाला हवीच!"

माझ्या अंगात वारं शिरलं! मी टकलीला मिठी मारली. "बिल करा! आधी बिल करा!"

केलं. किंमत ऐकून आमच्या ह्यांच्या हातातली किटली कलंडली. त्या किमतीत पहूरला दुभती म्हैस येते, वर तिला बांधायला दोरही. ताईबाईंचं लुगडं मी ताईबाईंसाठी दुकानातून विकत घेतलं! आणि साहेब, तुमची ऑफर! 'वसंत खास'वर उशीचे दोन अभ्रे फुकट!

अक्कांनी बिल हातात घेतलं. अक्षर येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग जिनेशला विचारलं, "इतली किंमत? मन्हा लुगडानी?"

"हो आजी. महाग पीस आहे."

अक्कांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की टकलीवरचे दिवे फिके पडले. म्हणाल्या, "लगीन व्हई! चाला, चहा द्या!" आम्ही काचेच्या दारात, चपलांच्या ढिगाऱ्यावर बसून चहा प्यालो. थंडगार झाला होता. विहीण म्हणाली, "गोड झाला."

मी म्हटलं, सुटलो!

चार दिवसांनी अक्कांचा फोन. "इहीनबाई, ते लुगडं आते पेटीमा ठेयं. इतलं महागनं लुगडं पोरसोरले देतस का? मी गावमा बठ्ठासले बिल दखाडं. नवरीले ते अभ्रा द्या, चांगला शेत."

म्हणजे हेमांगीला लुगडं नाही! दोन अभ्रे! तेही तिरपे शिवलेले. आमच्या एकाही उशीला बसत नाहीत, मी घालून बघितले.

तर साहेब, आता मला एवढंच सांगा. अक्कांचं लुगडं तुम्ही कोणाला विचारून विकलंत? आणि विकलंतच, तर ते आता कोणाचं? पावतीवर नाव माझं आहे, पैसे माझे गेलेत. म्हणजे लुगडं माझं, आणि मी ते माझ्या मुलीला देऊ शकते! बरोबर की नाही? लग्न वैशाखात आहे, त्याच्या आत उत्तर पाहिजे. लेखी पाहिजे, सहीनिशी, नावानिशी.

आणि ते अक्कांना वाचून दाखवायला तुम्ही स्वतः या. माझी हिंमत नाही.