विहिरीवरच्या म्हातारीची अंगठी

मी अत्यंत क्रूर माणूस आहे. तसं सावली गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी मी गोड बोलतो, घरात पाल दिसली तर बायकोला हाक मारतो. पण हातात कंट्रोलर आला की दयामाया विसरा! 'राखेचं राज्य' नावाच्या गेममध्ये मी तीनशे तास काढलेत. काळोखी जंगलं, शापित राजे, आणि पावलोपावली एकच प्रश्न: याला सोडायचं की मारायचं? लोक म्हणे यावर तासन्‌तास डोकं धरून बसतात. मी बटण दाबून मोकळा होतो.

त्यामुळे त्या गेमचा नवा वाढीव भाग आला, तेव्हा मी वरोऱ्याच्या माझ्या मित्राला, विक्कीला, फोनवरच बजावलं, "रविवारी संध्याकाळी सहाच्या आत संपवतो! तुझ्याआधी!"

"आणि नाई संपला तं?"

"तर मिशी काढतो!"

बोलून गेलो खरा. पण ही मिशी साधी नाही. आमचे सासरे सुकलूमामाजी यांना माझ्यात आवडलेली ती एकमेव गोष्ट आहे. लग्न ठरवताना ते म्हणाले होते, "पोरगा काई खास नाई, पन मिशी भरदार हाय." दीपिका मला मिळाली ती मिशीच्या जोरावर!

आता बघा नशीब. गुरुवारी आमचा टीव्ही बंद पडला. मामाजींनी नुकताच मोठा टीव्ही घेतलेला. मी कन्सोल तांदळाच्या पोत्यात गुंडाळला, दीपिकाला मागे बसवलं आणि वैनगंगा ओलांडून, पुढे दोन तास जंगलातून, शनिवारी सकाळी सासुरवाडीला हजर! शेजारच्या सीताबाईंनी नेहमीप्रमाणे पाण्याचा लोटा आणला. त्यांच्या बोटात झिजून तारेएवढी झालेली चांदीची अंगठी आहे. लोटा देताना ती त्यावर टणटण वाजवतात, म्हणजे घ्या, प्या. मी प्यालो आणि थेट टीव्हीसमोर बसलो.

रविवारी दुपारी बारा वाजता मी शेवटच्या प्रसंगाला पोचलोसुद्धा. काय प्रसंग होता! जंगलाच्या मधोमध एक काळं झाड. त्यानं गावातली नऊ लेकरं मुळांत धरून ठेवलेली. पर्याय दोनच. झाड तोडा, गाव वाचेल, पण लेकरं जातील. नाहीतर गावचा पाटील झाडाला द्या, लेकरं सुटतील. मी कुऱ्हाड निवडली. पाच मिनिटांचा खेळ उरला होता. विक्कीचा पडलेला चेहरा मला डोळ्यांपुढे दिसायला लागला!

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय करून राह्यला, जावाई?"

"झाड तोडून राह्यलो, मामाजी."

"कोनाचं झाड?"

"गावाचं."

"गावाले इचारलं?"

"मामाजी, गेम हाय हा!"

"गेम असो का काई असो. त्यात गाव हाय ना? झाड हाय ना?"

"हाय."

"मंग बैठक लागंल," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. "टीव्ही माया हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या सासुरवाडीत बांबू विकायचा असो की वाळलेलं झाड पाडायचं असो, ग्रामसभा बसते. तिथे हात मोजत नाहीत. एक माणूस जरी अडला, तरी विषय पुढे सरकत नाही. अर्ध्या तासात टीव्ही ओसरीवर आला, ऊन अडवायला घोंगडी टांगली गेली आणि समोर पन्नास माणसं बसली! सगळ्यात वडील इतवारीबाबांनी घसा साफ केला. "सांग बापू, काय झालं."

मी दोन वाक्यांत सांगितलं. इतवारीबाबा म्हणाले, "झाड उगाच कोनाची लेकरं धरत नाई. त्याचं काईतरी नेलं असंल. काय नेलं?"

मला काय माहीत? तीनशे तासांत मी कुठल्याही झाडाची चौकशी केली नव्हती!

"इचारून या," सभेनं ठरवलं.

मग मी त्या गेममधल्या गावात दारोदार फिरलो. लोहाराला विचारलं, गुराख्याला विचारलं. ते इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत सांगायचो. मी जरा आटोपतं घेतलं की दीपिका मागून म्हणायची, "तो तसं नाई म्हनत. पुरं सांगा." घड्याळात दोन वाजले, तीन वाजले. पण एक कबूल करतो, मला तिथून उठावंसं वाटेना. ज्यांना मी आजवर धक्का देऊन पुढे जात होतो, त्यांच्यापाशी एवढ्या गोष्टी होत्या! आणि प्रत्येक जण शेवटी एकच सांगत होता, विहिरीवरच्या म्हातारीला विचारा, तिला सगळं माहीत आहे.

मी उगाच आणखी दोन दारं वाजवून बघितली.

विहिरीवर गेलो. तिथे रिकामं स्टूल आणि काठी.

"म्हातारी कुठी गेली?" सीताबाईंनी विचारलं.

"वारली," मी हळूच म्हणालो.

"कायनं वारली?"

"म्हातारी होती, बाई."

मेल्या गेममध्ये केलेल्या कृत्यांची यादी ठेवायची सोय आहे. दीपिकानं कंट्रोलर घेतला, यादी उघडली आणि खड्या आवाजात वाचलं, "शनिवारी यायनंच मारली. अंगठीसाठी!"

पन्नास माणसं माझ्याकडे बघायला लागली. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "त्या अंगठीनं तलवारीची धार वाढते..." खरं सांगतो, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मामाजी जमिनीकडे बघत होते.

"तिले जित्ती करता येते का?" इतवारीबाबांनी विचारलं.

"नाई. या गेमात केलेलं मिटत नाई. मिटवायचं तं पयल्यापासून खेळा लागते."

"मंग पयल्यापासून खेळा."

"बाबा, सहा वाजता माझी मिशी जाते!"

सभेनं यावरही विचार केला. एका बाजूला म्हातारी आणि नऊ लेकरं, दुसऱ्या बाजूला माझी मिशी. हा एकच ठराव त्या दिवशी चर्चेविना मंजूर झाला.

सहा वाजता विक्कीचा फोन आला. त्यानं झाड तोडून गेम संपवला होता. सोमवारी सकाळी मामाजींच्याच आरशात बघून मी मिशी काढली. मामाजी दारात उभे होते. त्यांनी फक्त सुस्कारा टाकला.

मग सुरुवातीपासून खेळायला बसलो. या वेळी म्हातारीला लवून जोहार केला. तिचं पाणी भरून दिलं. मंगळवारी दुपारी सगळं गाव पुन्हा ओसरीसमोर जमलं आणि मी म्हातारीला झाडापाशी घेऊन गेलो. तिनं बुंध्याला कान लावला. मग सांगितलं, पाटलाच्या आजानं या झाडाचा जोडीदार तोडला आणि घराच्या छपराला त्या लाकडाचा आडा घातला. तो आडा याला परत हवाय.

"सांगतलं नव्हतं का!" इतवारीबाबा एवढंच म्हणाले.

आणि पडद्यावर तिसरा पर्याय उमटला! गावकऱ्यांनी पाटलाचं घर उतरवलं, तो काळाभोर आडा खांद्यावर आणला आणि मुळांशी ठेवला. संगीत थांबलं. कुठलंच बटण चालेना. मी कंट्रोलर खाली ठेवला. सुकलेल्या आड्याला एक पान फुटलं, मग दुसरं. मुळं सैल झाली आणि लेकरं एकेक करून बाहेर यायला लागली. सीताबाई मोठ्यानं मोजत होत्या. नववं लेकरू आलं तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या अंगावर काटा आला होता. कुठल्या दूरदेशी बसून कोणीतरी हे रचून ठेवलं होतं, आणि माझ्या सासरच्या माणसांनी ते पहिल्या प्रश्नात ओळखलं होतं! त्या माणसांकडे मी बघतच राहिलो.

विक्कीला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. म्हातारी त्यानंही मारली होती.

महिनाभरानं पुन्हा सासुरवाडीला गेलो. मिशी नुसती खुंटावर आली होती. पण मामाजींनी वेशीवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "आमचे जावाई! नऊ लेकरं सोडवली यायनं!" माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

ओसरीवर बसलो. सीताबाई लोटा घेऊन आल्या. हसून समोर धरला. पण टणटण काही झालं नाही. मी बोटाकडे बघितलं. बोट मोकळं होतं, आणि पदराच्या टोकाला एक घट्ट गाठ मारून ती कमरेला खोचलेली होती.

"सीताबाई, मी सुधारलो ना आता!"

"मानूस सुधरते, जावाई. मी नाई कुठी म्हनते?" त्या मायेनं म्हणाल्या. "पन मायाजवळ अंगठी येकच हाय."

मी निमूटपणे, दोन्ही हात त्यांना दिसतील असे धरून, पाणी प्यालो.